नदीपलीकडे नेलेली मुलगी

आमची मुलगी श्रावणात, मुदतीच्या बऱ्याच आधी जन्मली. पत्नी बाळंतपणासाठी माहेरी होती, सांगली जिल्ह्यात, कृष्णाकाठी. गावातल्या डॉक्टरांनी सांगितलं की बाळाला श्वास पुरत नाही, काचेची पेटी मिरजेला आहे, लगेच हलवा. मिरज नदीपलीकडे. कोयना धरणातून पाणी सोडल्याची बातमी त्या सकाळी साताऱ्यात आकाशवाणीसाठी मीच तयार केली होती आणि मग इकडे निघून आलो होतो. पूल केव्हाही बंद होणार, हे मला माहीत होतं. पत्नी अजून भुलीत होती. तिने मुलीला पाहिलं नव्हतं.

अॅम्ब्युलन्समध्ये नर्स मुलीच्या नाकाशी ऑक्सिजन धरून बसली. समोर सासूबाई, सासरे आणि मी. सासरे फौजेतून निवृत्त झालेले. गावच्या देवळात रामनवमीला आणि गोकुळाष्टमीला तेच प्रवचन करतात आणि दोन्ही वेळा राम आणि कृष्ण यांची आयुष्यं शेजारी ठेवतात. एक भर दुपारी राजवाड्यात जन्मला, दुसरा मध्यरात्री कोठडीत. रामाचं घर सुटलं ते जाणतेपणी, बापाच्या शब्दाखातर. कृष्णाचं पहिल्याच रात्री, बापाच्या डोक्यावरून. एकाने रीत पाळली, दुसऱ्याने मोडली. सासरे स्वतः रामाच्या बाजूचे. घरात रीत मोडलेली त्यांना खपत नाही.

पुलाच्या तोंडाशी पोलिसांनी गाडी अडवली. कठड्याच्या जरा खाली तांबडं पाणी होतं. हवालदार वायरलेसवर कुणाला तरी विचारत होता. सासूबाईंनी पिशवीतून खण-नारळ काढला. तान्हं बाळ पहिल्यांदा नदीपार नेताना आमच्याकडे कृष्णामाईची ओटी भरतात. त्या उतरायला लागल्या.

"बस खाली," सासरे म्हणाले. "वसुदेवानं वटी भरली न्हवती."

"आवं, तवा पोरगा हुता. देवच हुता त्यो. नदीनं वाट दिली."

"मग? पोरगी बी गेलीच की नदीवरनं. त्याच रात्री, परतीच्या वाटंनं."

पुढची कथा गाडीतल्या सगळ्यांना पाठ होती. मुलाला गोकुळात ठेवून वसुदेव यशोदेची मुलगी घेऊन परतला, आणि कंसाने तिला शिळेवर आपटण्यासाठी उचललं. ती त्याच्या हातातून निसटली, आकाशात गेली, देवी झाली, असं प्रवचनात सांगतात. आईला ती मिळाली नाही, हे सांगत नाहीत. सासूबाई खण-नारळ मांडीवर घेऊन बसून राहिल्या. नर्सने मान वर केली नाही.

हवालदाराने हात केला. "ही शेवटची गाडी. जावा."

पुलावर गाडी पायी चालल्यासारखी चालली. खाली एखादा ओंडका खांबाला धडकला की पत्रा थरथरायचा. मध्यावर मुलीची छाती हलायची थांबली. नर्सने तिच्या तळव्याला टिचकी मारली, परत मारली, तिसरी जोरात मारली. मुलीने श्वास घेतला. सासऱ्यांनी माझा दंड धरला होता, तो मिरज येईपर्यंत सोडला नाही.

तिला पेटीत ठेवलं. पेटीवर चिकटपट्टी होती, तिच्यावर पत्नीचं नाव आणि पुढे 'बाळ'. डॉक्टर म्हणाले, आत्ता काहीच सांगता येत नाही.

बाहेर बाकावर सासऱ्यांनी विचारलं, "पावणं, यशोदेनं त्या पोरीचं नाव काय ठिवलं असतं?"

मी म्हणालो, माहीत नाही.

"मला बी न्हाई. इतकी वर्सं सांगतोय. दोघांचं सगळं सांगतोय." मग म्हणाले, "आमच्या पोरीला फोन लावा. शुद्धीवर आली असंल. नाव इचारा."

"बारशाआधी?" सासूबाई म्हणाल्या. "आन् तुमी सांगताय हे?"

मी फोन लावला. पत्नीने आधी विचारलं, आहे ना? मी म्हणालो, आहे. मग तिने नाव सांगितलं. तिथल्या नर्सने जुनी पट्टी काढून नवी लावली.

पूर ओसरून पूल उघडल्यावर पत्नीला आणलं. मुलगी पेटीतच होती, नळीही तशीच. पत्नीने काचेला तळहात लावला आणि तिला नावाने हाक मारली. सासरे आत आले नाहीत. दारात उभे राहून त्यांनी मला हळूच विचारलं, "हालली का?"