पाय वर, आत्या!

‘नको’ या शब्दाचा अर्थ ‘चला, निघू या’ असा समजणारी जगात एकच व्यक्ती असेल, आणि ती माझ्या बायकोची आत्या आहे. पेणच्या खाडीकाठी मिठागरात राबणाऱ्या घरात ती जन्मली, लग्न होऊन रोह्याला लागूनच्या अष्टमी गावात आली, नवरा लवकर गेला, आणि धाटावच्या एका कंपनीत पॅकिंगचं काम करून तिने एकटीने मुलगा वाढवला. त्या कंपनीत बायकांनी फोर्कलिफ्टला हात लावायचा नाही असा दंडक होता. आत्याने जेवणाच्या सुट्टीत ती चालवली आणि रिकाम्या पिंपांची अख्खी रांग आडवी केली. सुपरवायझर बोंबलत धावला, तर ही वरूनच म्हणते, “ब्रेक कुठं हाय ते आधी सांगा, मग वरडा!” फळवाल्याने ‘हात लावू नये’ अशी पाटी लावली की ती एकूण एक कलिंगड वाजवून बघते, घ्यायची असतात केळी. डॉक्टरांनी गुडघ्यांसाठी जिना बंद केला, त्याच आठवड्यात तिची वाळवणं अंगणातून गच्चीवर गेली.

गेल्या हिवाळ्यात कुंडलिकेवरच्या राफ्टिंगचा एक कागद तिच्या हाती पडला. तीन दिवस नदी, दोन रात्री तंबू, सोबत गाइड. खाली बारीक अक्षरात लिहिलं होतं, ‘साठीपुढील व्यक्तींनी येऊ नये.’ आत्या सदुसष्टची. ती ओळ तिने दोनदा वाचली, तेव्हाच आम्ही काय ते समजलो. पुण्याहून मुलगा फोनवर ओरडला, “आई, वेड लागलंय का तुला?” “लागलं असंल,” ती म्हणाली, “तू येशील तवा भाजी घेऊन ये, मी घरात नसनार.” गाइडने डॉक्टरांचा दाखला मागितला. डॉक्टरांनी रक्तदाब तीनदा मोजला, तिन्ही वेळा तो बरा निघाल्यावर नाइलाजाने सही केली आणि अट घातली, सोबत घरचं माणूस हवं. घरच्यांनी एकमताने मला पुढे केलं. मला पोहता येत नाही, ही बाब कुणालाच महत्त्वाची वाटली नाही.

गाइड कोलाडकडचा, चाळिशीचा, शांत माणूस. वरच्या वीजघरातून पाणी सुटलं की नदी फुगते, तेव्हा निघायचं, असं त्याने सांगितलं. आणि बोटीतून पडलात तर उताणं व्हा, पाय वर, पाण्यात उभं राहायचं नाही, हेही बजावलं. नऊवारीचा काष्टा आवळून, वर लाइफ जॅकेट चढवून आत्या ऐकत होती. मी माझ्या जॅकेटचे पट्टे पुन्हा आवळले. या बाईने जन्मात कुणाचं ऐकलं नव्हतं. पहिल्या दिवशी मुक्कामावर आचारी लाडात म्हणाला, “आजी, चार भाकऱ्या थापता का?” “नाय,” आत्या म्हणाली, “मी पाहुनी हाय.” आणि तंबूपुढे पाय पसरून बसली.

दुसऱ्या दिवशी एका मोठ्या धारेत आमची रबरी राफ्ट पुढून उचलली जाऊन जवळजवळ उभी झाली आणि माझ्या शेजारची जागा रिकामी झाली. फेसात कुठेच काही दिसेना. तिच्या मुलाला काय सांगू, एवढंच माझ्या डोक्यात होतं. मग दूरवर जॅकेट वर आलं. “पाय वर, आत्या! पाय वर!” गाइड जीव तोडून ओरडला. आणि काय सांगू, लगेच दोन पावलं पाण्याबाहेर आली! ती तशीच उताणी वाहत खाली गेली. गाइडने फेकलेला दोर तिने धरला आणि आम्ही तिला आत ओढलं. खोकून झाल्यावर मी विचारलं, “आत्या, तुम्ही चक्क ऐकलंत?” तिने तोंडावरचं पाणी हाताने निपटलं. “जावई, त्यानं मला करायचं काय ते सांगितलं. मला आजवर सगल्यांनी करायचं नाय तेच सांगितलं.”

थांबू या, गाडी मागवतो, असं गाइड म्हणाला. ती उतरली नाही.

तिसऱ्या दिवशी बंधाऱ्याच्या पुढचं पाणी संथ होतं. दुपारी आम्ही अष्टमीच्या पुलाखाली आलो. वर तिच्या जुन्या कंपनीची शिफ्टची बस चालली होती. आत्याने वल्हं उंच धरलं आणि “गो बायांनो!” अशी हाक मारली. खिडक्यांतली डोकी मोबाइलवर वाकलेली. बस निघून गेली. तिचा हात तसाच वर होता.

“कोन बघत नाय,” ती हळूच म्हणाली. “तीस वर्सं त्याच बशीत होते मी. मीपन कवा खाली बघितलं नाय.”

मग तिने वल्हं पाण्यात घातलं. आम्ही काठाला लागत होतो, आणि ती एकटीच उलटं, नदीच्या मध्याकडे वल्हवत होती.