छप्पन्न अंशांची खोली

मस्तगडात सर्जेराव सुतारांचं दुकान होतं. रामनिवास शेठ जिनिंग मशीनचे सुटे भाग परदेशी धाडत, त्यांची लाकडी खोकी सर्जेराव करत. घर त्या खोक्यांवरच चालायचं. दोन हजार सहा साली एका खोक्यात कीड सापडली आणि माल परत आला. मंठ्याच्या पुढं कधी न गेलेला किडा एकदम आंतरराष्ट्रीय झाला.

शेठ म्हणाले, "सर्जेराव, व्यापाराचा करार आहे. कीड मारून शिक्का आणा, न्हाई तर मी प्लास्टिकची खोकी घेतो."

"मारू की. कशानं?"

"एक गॅस असतो. पण त्यानं वरचा ओझोन फाटतो, असा दुसरा करार आहे. गिऱ्हाईक गॅस नको म्हणतंय."

"मंग?"

"लाकूड आतपर्यंत छप्पन्न अंश तापवायचं, अर्धा तास. भट्टीत."

"भट्टीला कोळसा लागतो, शेठ."

"कोळशाच्या धुरावर तिसरा करार आहे. धूर किती केला, तेही विचारून राह्यलेत."

सर्जेरावांनी कानावरची पेन्सिल काढली, परत ठेवली. "म्हंजे कीड मेली पाह्यजे, पण कुणी मारलेली नको."

मे महिना होता. सर्जेरावांनी परसात पत्र्याची खोली उभी केली, बाहेरून डांबर फासलं आणि फळ्या आत रचल्या.

"अहो, लाकडं शिजवून राह्यले का?" तुळजाबाईंनी, त्यांच्या बायकोनं, विचारलं.

"सूर्यावर अजून करार व्हायचाय. तोवर उरकून घेतो."

औरंगाबादहून तपासणीचे साहेब आले. फळीला भोक पाडून त्यांनी थर्मामीटर खुपसला आणि घाम पुसत बाहेर आले. "बावन्न. चार अंश कमी. शिक्का मिळणार नाही."

"इथली कीड हाय ती," तुळजाबाई म्हणाल्या. "बावन्नात तिला हुडहुडी भरत असंल."

सर्जेराव विचार करत होते. "साहेब, जग तापून राह्यलंय म्हणतात, ते खरं का?"

"खरं आहे."

"मंग चार अंश किती वर्षांत?"

"अहो, ते होऊ नये म्हणूनच तर करार आहे!"

"म्हंजे तो बिलकुल माझ्याच पोटावर उठलाय."

शेठनी प्लास्टिकची खोकी घेतली. प्लास्टिकला कीड लागत नाही, त्यामुळे ते कशापासून होतं, हे तिन्ही करारांपैकी एकानंही विचारलं नाही. सर्जेराव आता जाफराबादकडच्या लग्नांचे पलंग करतात. काळ्या खोलीत तुळजाबाईंच्या कुरडया एका दिवसात वाळतात.

थर्मामीटर मात्र सर्जेरावांनी स्वतःचा विकत घेतलाय. दर मे महिन्यात ते तो त्याच खोलीतल्या फळीत खुपसतात. परवा रस्त्यानं जाताना शेठनी हाक मारली, "काय सर्जेराव, काय खबर?"

"त्रेपन्न, शेठ. प्लास्टिक बेतानंच भरा."