इंगळेकाकूंचा बंड्या

"बाल झडते नहीं, तो जाते कहाँ हैं?" पिल्लांचे केस झडत नाहीत असं सांगणाऱ्या विक्रेत्याला इंगळेकाकूंनी विचारलं. जयपूरच्या खातीपुऱ्यातल्या आमच्या या शेजारीण मूळच्या अकोल्याच्या. यजमान बँकेतले, निवृत्तीनंतर वारले, मुलगा पुण्यात. पूडल कुत्र्याची ती संकरित पिल्लं बघायला मी सोबत गेले होते. पिल्लांची आई दाखवल्याशिवाय काकू जागच्या हलल्या नाहीत. मग अंगावर उड्या मारणारी दोन सोडून, लांबून न्याहाळणारं तिसरं त्यांनी उचललं. "हा इचार करते," म्हणाल्या. नाव ठेवलं बंड्या.

सोसायटीच्या सेक्रेटरींनी पहिल्याच दिवशी बजावलं, कुत्रा लिफ्टमध्ये चालणार नाही. "ठीक है भैया, तो मैं भी नहीं," काकू म्हणाल्या, आणि दुखऱ्या गुडघ्यांनी तीन मजले रोज दोनदा चढू लागल्या. मला त्यांचा रागही यायचा. सेक्रेटरींनी पुढे हात जोडले, तरी बाई लिफ्टमध्ये पाऊल टाकीनात.

पण चूक त्यांच्याही हातून झाली. दर शनिवारी त्या बंड्याला खोबरेल तेल चोपडून मालिश करीत. जयपूरची धूळ त्या तेलात बसली आणि न झडणारे केस कातडीपाशी गुंतून त्यांची जाड गादी झाली. डॉक्टरांना सगळे केस काढावे लागले. खाली लालेलाल कातडी. काकू तिथेच रडल्या.

संध्याकाळी मात्र भर गर्दीच्या वेळी त्यांनी टक्कल झालेल्या बंड्याला बागेत फिरवलं. "ये कौन-सी नस्ल है, आंटीजी?" सेक्रेटरी हसले. मी म्हटलं, काकू, चला घरी. तर म्हणाल्या, "चूक माही हाये. त्यानं काहून तोंड लपवावं?" पुढे रोज त्या मुळापासून केस विंचरायच्या, आणि रस्त्याला तळहात लावून तो निवला असेल तरच बंड्याला बाहेर काढायच्या.

मग मुलगा काकूंना पुण्याला न्यायला आला. पुण्यातल्या त्याच्या इमारतीत कुत्रे चालत नव्हते. जयपूरबाहेर, चाकसूजवळच्या एका ओळखीच्या मळ्यावर बंड्याची सोय त्यानं परस्पर करून ठेवली होती. काकूंनी माझ्यासमोरच त्याला सुनावलं, "तुह्या बाबाच्या नऊ बदल्या झाल्या. दरवेळी लोक म्हणत, पोराले मामाकडे ठेवा, शाळेचे हाल होते. ठेवलं काय मी तुले?"

दुसऱ्या दिवशी तो एकटाच परतला. काकू कितीतरी दिवस त्याच्याशी तुटक बोलत. मी समजूत घालायला गेले, तर मलाच चार शब्द ऐकवले.

मागच्या हिवाळ्यात काकू झोपेतच गेल्या. दिवसकार्य आटोपल्यावर मुलगा बंड्याला गाडीत बसवू लागला. मी विचारलं, "तुमच्या इमारतीत चालेल का?"

"घर बदललंय," तो म्हणाला. "दोघांना न्यायला येणार होतो. आईला अजून सांगितलं नव्हतं."