नऊ मासे, दोन फूट टँक

घरात फिशटँक आणला की पाण्याआधी मतं भरतात. चारकोपच्या आमच्या फ्लॅटमध्ये तीन महिन्यांत ती इतकी साचलीत की मैत्रिणी माझी चौकशी करायच्या आधी विचारतात, "काळूचं काय नवीन?" काळू म्हणजे आमचा काळा गोल्डफिश. तर ऐका.

*

सुरुवात बाबांच्या वास्तुतज्ज्ञांनी केली. हॉलच्या ईशान्य कोपऱ्यात टँक, त्यात आठ केशरी गोल्डफिश आणि एक काळा. घरावरचं संकट काळा स्वतःच्या अंगावर घेतो म्हणे. टँकच्या दुकानातला माणूस बिचारा सांगत होता, की दोन फुटांत दोन ठेवा, फार तर तीन. बाबांनी त्याच्याकडे असं बघितलं, जणू संकट तोच आहे.

"आम्हाला नऊ हवेत," ते म्हणाले. "आवडतात म्हणून थोडेच नेतोय!"

*

चौथ्या दिवशी मी पोहे खात होते आणि काचेवर थप्प आवाज आला. बशी हातातून गेली. माझं तसंच आहे, कुकरच्या शिटीलाही दचकते. बघते तर तीन केशरी काळूच्या मागे, आणि काळू काचेवर आपटलेला. त्याचे डोळे बाहेर आलेले, दिसतं कमी, अंग गोलमटोल. पळून पळून पळणार किती?

बाबांनी पेपरमधून मान वर केली. खेळतायत, म्हणाले. मी म्हटलं, शेपटी फाटलीय त्याची.

"खेळताना लागतंच."

*

मग काका आले. काकांना सगळ्या विषयांतलं कळतं, त्यामुळे कुठल्याच विषयाची माहिती घ्यावी लागत नाही. मारामारी भुकेने होते असं निदान करून त्यांनी खाण्याचा अर्धा डबा टँकमध्ये ओतला. त्यावरून केशऱ्यांची नव्याने जुंपली, काळूला एक दाणा मिळाला नाही, आणि उरलेल्याने पाण्याचं ताक झालं. पाणी बदललं मी, कारण काकांची कंबर!

जाताना म्हणाले, "आता खाऊन मस्ती चढलीय बघ यांना."

*

शेजारच्या परबकाकू मूळच्या मालवणच्या. त्यांनी वाकून नऊच्या नऊ मासे न्याहाळले. "खावक नाय, तर पोसतास कित्याक?"

आईने कौतुकाने सांगितलं, की तो काळा आहे ना, तो आमच्या वाटचा मार खातो.

"आणि तुमी बसान बघतास?"

आई बिस्किटं आणायला आत गेली.

*

घरात झूलॉजीची पदवी माझी एकटीची, म्हणून माझं कोणी ऐकत नाही. काळूची एक फिन गेली त्या दिवशी मी बाबांना सगळं सांगितलं. जागा कमी, खाण्यावरून चढाओढ, त्यात नर माद्यांच्या मागे लागलेले. जो हळू, तो मरतो. काळूला आज वेगळा काढू या, नाहीतर आठवडा काढणार नाही तो.

"काढला तर आठच उरतील," बाबा म्हणाले.

आणि मेला तर?

त्यांनी खरोखर विचार केला. "मग समजायचं, काहीतरी मोठं टळलं. दुसरा आणू."

*

गेल्या रविवारी वास्तुतज्ज्ञ स्वतः आले. काळू फिल्टरमागे तिरका पडला होता. ते टँककडे पाठ करून बसले आणि आईला किचनच्या दिशेचे दोष सांगू लागले. मी मध्येच विचारलं, की तुमच्या घरी किती मासे आहेत?

"एकच," चहात बिस्किट बुडवत ते म्हणाले. "जास्त ठेवले की मारतात हो एकमेकांना."

मी उठले, टँकमधलंच पाणी टबात काढलं, काळूला जाळीने अलगद उचललं आणि टब माझ्या खोलीत नेऊन ठेवला. कोणी अडवलं नाही. टबात तो आधी तसाच पडून राहिला, मग हळूच एक फेरी मारली.

बाहेर आले तर बाबा खुर्ची पुढे ओढून, आवाज खाली आणून विचारत होते, "टबातला धरून नऊ होतात ना?"

"छप्पर एकच ना?" तज्ज्ञ म्हणाले. "मग धरा."