उभा तुकडा

दौंडला आमचं चिकनचं दुकान आहे. कोंबडी कापण्यातलं मला कुणी काही शिकवू नये, अशी माझी समजूत होती आणि ती एम.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षापर्यंत शाबूत राहिली.

माझ्या प्रयोगाचा विषय होता लेअर कोंबडी. अंडी द्यायची थांबली की पोल्ट्रीवाले ती स्वस्तात काढून टाकतात. मांस ब्रॉयलरसारखं कोवळं नाही, इतकं चिवट की कुकरच्या शिट्ट्या मोजायचा कंटाळा येतो. त्याचे तुकडे मिठाच्या पाण्यासकट पिशवीत भरायचे, पिशवी अल्ट्रासाउंडच्या टाकीत बर्फाच्या पाण्यात ठेवायची. कानाला ऐकू न येणारा आवाज पाण्यातून जातो, बारीक बुडबुडे होतात, फुटतात, आणि त्या धक्क्यांनी मांसातली घट्ट बसलेली प्रथिनं सैल होतात, पाणी धरून ठेवतात. मांस मऊ होतं, निदान व्हायला हवं. घरी हे सांगितलं तेव्हा अब्बा म्हणाले, "म्हंजी कोंबडीची सोनोग्राफी." त्यानंतर दोन आठवडे दुकानात येणारा प्रत्येक जण मला कोंबडीचा रिपोर्ट नॉर्मल आला का विचारत होता.

कॉलेज शिरूरला. तुकडे मी सकाळी आमच्याच दुकानात कापायची, बर्फाच्या डब्यात भरायची आणि डबा मांडीवर घेऊन एसटीत बसायची. वरवंड, चौफुला, न्हावरा. कारखाने सुरू असले की गाडी उसाच्या ट्रॉल्यांमागे अडकायची आणि माझा सगळा जीव त्या बर्फात. माझ्या गाइड मॅडम पहिल्याच दिवशी म्हणाल्या होत्या, "तुकडे इथं कापू, कसे कापायचे ते मी दाखवते." मी म्हटलं, "मॅडम, कापायचं तेवढं माझ्यावर सोडा." तेही हसून म्हटलं, याची आता लाज वाटते.

लॅबमध्ये एक यंत्र आहे. त्याचं पातं शिजलेल्या तुकड्यावर उतरतं आणि तुकडा तुटायला किती जोर लागला ते सांगतं. आवाज दिलेल्या तुकड्याला कमी जोर लागायला हवा. तीन महिने दोन्हींचे आकडे सारखेच येत होते. साधा तुकडाही मऊ, आवाज दिलेलाही मऊ. मी वेळ वाढवून पाहिला, मीठ बदलून पाहिलं, यंत्राला शिव्या देऊन पाहिल्या. शेवटी मॅडम शांतपणे म्हणाल्या, "फरकच दिसत नसेल तर विषय बदलावा लागेल. वर्ष वाढेल." सोबतच्या मुली नोकरीला लागणार आणि मी पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करणार, हे मला सहन होण्यासारखं नव्हतं.

त्या संध्याकाळी मी दुकानात येऊन अब्बांना सगळं सांगितलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि एकच प्रश्न विचारला, "मशीनचं पातं कसं उतरतं?"

मी एक तुकडा फळीवर ठेवून बोटानं दाखवलं. अब्बांनी तो उचलला, उजेडाकडे धरला, बघितला.

"हा तू कापलास?"

"व्हय."

"मला वाटत व्हतं तू घरच्या कालवणाला कापतीस. हे तर आप्पांचं कापनं हाय."

आप्पा म्हणजे रेल्वेतून रिटायर झालेले आमचे जुने गिऱ्हाईक. अब्बा चिकन तोलण्याआधी विचारतात, घरात म्हातारं कोण आहे? असेल तर मांसाच्या रेषांना आडवी सुरी घालून पातळ तुकडे करतात. रेषा आखूड झाल्या की चावायला सोपं जातं. आप्पांचे दात पडल्यापासून त्यांचा तुकडा सगळ्यात पातळ. लहानपणापासून मी तेच पाहिलं, माझा हातही तसाच वळला. आणि प्रयोगात रेषा उभ्या, लांब राहायला हव्या होत्या, म्हणजे पातं त्यांच्यावर आडवं पडलं असतं. माझ्या तुकड्यांत ते दोन रेषांच्या मधून सरळ खाली जात होतं. तीन महिने यंत्र आवाजाचा परिणाम मोजतच नव्हतं.

"मशीनला कशाला शिव्या देतीस?" अब्बा म्हणाले. "तू आधीच मऊ करून नेत व्हतीस. हात चांगला हाय तुझा, पन हितं नडला."

मला राग आला, रडू आलं, आणि खरं सांगायचं तर अभिमानही वाटला. आमच्या हाताला जे जमत होतं, तेच ती आवाजाची टाकी करायला निघाली होती.

पुढचे तुकडे मी उभे कापले. पहिल्यांदा साधा तुकडा पात्याखाली चिवटपणे अडला आणि आवाज दिलेला सहज तुटला. मी मॅडमना सगळी चूक सांगून टाकली. त्या रागावल्या, मग हसल्या आणि म्हणाल्या, "चव बघायला वयस्कर माणसं लागतील. वडिलांना घेऊन ये."

अब्बा आले, आप्पांना घेऊन, स्वतःची सुरी फडक्यात गुंडाळून. लॅबमध्ये हात धुऊन त्यांनी लेअरचं मांस पुढे घेतलं आणि क्षणभर थांबले. आप्पा कोपऱ्यात चहा पीत होते. अब्बांनी त्यांच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे, आणि सुरी रेषांच्या बाजूनं चालवली. तुकडे जाड, लांब.

टाकीतून काढून, वाफवून नुसतं मीठ लावलेला तुकडा आप्पांच्या ताटलीत आला. आप्पा चावू लागले. मी वहीत बघत होते, कारण त्यांच्या तोंडाकडे बघायची हिंमत नव्हती.

"ब्रॉयलर हाय ही," आप्पा म्हणाले.

"लेअर हाय आप्पा. आन् उभी कापलीय."

आप्पांचं चावणं थांबलं. इतक्या वर्षांच्या गिऱ्हाइकाला उभं म्हणजे काय ते बरोबर कळलं.

"मला? उभी?"

"पोरीच्या भरवशावर," अब्बा म्हणाले आणि सुरी पुसायला लागले.

आप्पांनी रिकामी ताटली माझ्यापुढे धरली. मी दुसरा तुकडा वाढला, तोही लांबच.