लिफ्टकाकांचा खोटा आकडा

सव्वीस वर्षं लिफ्टकाका त्या हॉस्पिटलची लिफ्ट वर-खाली करत होते. जुनी, जाळीच्या दरवाजाची, भारी लहरी लिफ्ट. त्यांच्याशिवाय कुणाचं ऐकायची नाही. दिवसभरात चार मजल्यांपलीकडे पाऊल नाही, पण गप्पा मात्र जगभरच्या!

त्या वर्षी डॉक्टरकीच्या तिसऱ्या वर्षाच्या पोरांना त्यांना शिकवणाऱ्या मॅडमनी फर्मान सोडलं: आरोग्य कसं वाढवावं यावर मी भाषण देणार नाही, या इमारतीतली एक सवय निवडा आणि सहा आठवड्यांत बदलून दाखवा. एका गटानं जिना निवडला. धडधाकट माणसांनी लिफ्ट सोडावी, पायांनी चढावं. गटाची म्होरकी एक चुणचुणीत मुलगी. तिनं माणसं मोजायचं छोटं यंत्र काकांच्याच हातात दिलं. "काका, माणूस आत आला की एकदा दाबायचं. बास!"

काकांनी हौसेनं दाबलं. दोन आठवड्यांत आकडा निम्म्यावर आला, आणि ऑफिसातला कारकून डोळा मारत म्हणाला, "काका, अधीक्षक साहेब म्हणतायत, एवढीच माणसं असतील तर बटणांची लिफ्ट बसवू. चालवायला माणूस कशाला हवा?"

काकांच्या निवृत्तीला अजून तीन वर्षं होती. बायकोला काही सांगितलं नाही. दुसऱ्या दिवसापासून रिकाम्या लिफ्टमध्येही त्यांचा अंगठा चालू लागला. टक, टक, टक.

आकडा चढला आणि पोरीचा चेहरा उतरला. रोज जिन्यापाशी उभी राहून लोकांना वर धाडणारी ती, एका दुपारी वही घेऊन लिफ्टसमोर मटकन बसली. "लोक जिन्यानं जाताना मला दिसतात हो काका, पण आकडा वेगळंच सांगतोय. माझंच कुठंतरी चुकलं. उद्या वर्गात सांगून टाकते, जमलं नाही म्हणून."

काकांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. दुसऱ्या दिवशी आपल्या जेवणाच्या सुट्टीत ते थेट वर्गात जाऊन उभे राहिले. "आकडा खोटा आहे, आणि तो माझा आहे, पोरीचा नाही. नोकरी जाईल या भीतीनं दाबत होतो."

मॅडमनी गटाला विचारलं, "प्रकल्पाआधी किती जणांशी बोललात?"

"दीडशे."

"आणि लिफ्ट चालवणाऱ्याशी?"

मुलीनं स्वतःची खुर्ची काकांपुढे सरकवली आणि वहीचं कोरं पान काढलं. "बसा काका. सांगा, लिफ्टमध्ये काय काय घडतं?"

सव्वीस वर्षांत हे कुणी विचारलं नव्हतं. काका बोलत सुटले. धट्टीकट्टी माणसं आधी घुसतात, स्ट्रेचर बाहेर ताटकळतं, कण्हणारा माणूस तीन-तीन खेपा नुसता बघत राहतो. "मी कधी कुणाला उतरवलं नाही गं. हिंमतच झाली नाही. खोट्या आकड्यापेक्षा त्याची लाज जास्त वाटते."

प्रकल्प तिथंच पालटला. लिफ्ट आधी आजाऱ्यांची, जागा उरली तर इतरांची. कोण आत नि कोण बाहेर, ते काका ठरवणार. आणि मोजायचं काय, तर स्ट्रेचर किती वेळ थांबलं ते.

सोमवारी सकाळी लिफ्ट गच्च भरली होती, तेवढ्यात स्ट्रेचर आलं. त्यावर एक म्हातारी, डोळे मिटलेली. काकांनी एकेकाला उतरवलं. शेवटी आत उरले अधीक्षक साहेब, घड्याळाकडे बघत.

काकांनी जाळीचा दरवाजा उघडा धरला. "साहेब, तुम्हीपण. जिना डावीकडे आहे."

साहेबांनी काकांकडे बघितलं, म्हातारीकडे बघितलं, आणि उतरले. काकांनी जाळी ओढली, लिफ्ट वर निघाली. नोकरी राहणार की जाणार ते साहेबांच्याच हातात होतं, आणि जाळीतून दिसत होतं, साहेब धापा टाकत जिना चढत होते.