रखवालदाराचा राजीनामा

माझे वडील जयपूरमधल्या एका सरकारी बँकेच्या शाखेत अधिकारी होते आणि मी एका हिंदी दैनिकात उपसंपादक. दोन हजारच्या दशकात एका दुपारी शस्त्रपरवान्यांच्या नियमांतल्या प्रस्तावित बदलांची बातमी डेस्कवर आली. परदेशी नागरिकाच्या हाती बंदूक देऊ नये आणि सरकारी बँका-कार्यालयांनी आपल्या बंदुका कोण वापरतं त्याची यादी पोलिसांना द्यावी, असं मसुद्यात होतं.

वडिलांच्या शाखेचा रखवालदार नेपाळी होता. वीस वर्षं बँकेची बंदूक त्याच्याकडे होती. तो परदेशी आहे हे तोवर कोणाच्या डोक्यात आलं नव्हतं, त्याच्याही नाही. बंदूक गेली तर नोकरीही जाणार होती.

रविवारी सकाळी तो घरी आला. "साहबजी, थाने गया था. मुंशी बोला, नौकरी बचानी है तो बैंक से राजीनामा लिखवा लो."

"नौकरी बचाने के लिए राजीनामा? ये कैसा सलाह है?" वडील म्हणाले. ते मूळचे साताऱ्याचे. त्यांचं हिंदी शेवटपर्यंत तसंच राहिलं. आधी राजीनामा घेऊन मग दुसऱ्या जागेवर नेमायचं असेल, असा तर्क त्यांनी लढवला आणि कागद ओढून त्याच्या नावाने नोकरी सोडत असल्याचा सुवाच्य अर्ज लिहिला. रखवालदाराला फारसं वाचता येत नव्हतं. त्याने पेन हातात घेतलं.

मी त्याला विचारलं, "मुंशी ने राजीनामे का मतलब क्या बताया?"

"मतलब, दोनों राज़ी. बंदूक जमा, मैं दूसरा काम करूँगा, बैंक को मंज़ूर."

इथल्या पोलीस ठाण्यात आणि कोर्टात राजीनामा म्हणजे दोन्ही बाजूंची लेखी संमती. नोकरी सोडायची तर इस्तीफ़ा.

वडिलांनी अर्ज काढून घेतला. आई स्वयंपाकघरातून म्हणाली, "सही झाली असती म्हणजे? उद्यापासून तुम्हीच उभे राहिला असता बंदूक घेऊन."

"मला परवाना कोण देतंय," वडील म्हणाले आणि दुसरा कागद लिहायला बसले.

सोमवारी व्यवस्थापकांनी त्यावर सही केली. तो मसुदा मंजूर झाला की नाही, हे मी बरेच महिने शोधत होतो. पुढची बातमी मला सापडली नाही. रखवालदाराला फायलींचं काम मिळालं आणि कोपऱ्यात एक खुर्ची. पहिला आठवडाभर तो तिच्यावर बसला नाही, असं वडील सांगत.